ग्राफ सरळ येईना, बाई!

दिवाळी झाली, पाऊस एकदाचा गेला आणि पत्रं सुरू झाली. दरवर्षीचंच आहे हे, जूनपासून दुर्बिणी खोक्यात पडून असतात आणि नोव्हेंबरात आभाळ धुतल्यासारखं झालं की सगळे एकदम सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळपठारावर. या वेळी मात्र निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, ऑटोगायडर. मी शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं तेव्हा मुलं न्यूटनबद्दल एवढे प्रश्न विचारत नव्हती. असो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पृथ्वी फिरते म्हणून तारा सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद सरकतो (पंचांगात विकला म्हणतात ना, तीच ही), म्हणजे दोन मिनिटांत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा. दुर्बीण ज्या फिरत्या बैठकीवर बसते त्या माउंटची मोटर तिला तेवढ्याच वेगाने पृथ्वीच्या उलट दिशेला फिरवते, पण मोटर, तिचे दात, ट्रायपॉड, खालची जमीन यातलं काहीच शंभर टक्के नसतं. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण, म्हणजे गाइडस्कोप, तिला छोटा कॅमेरा, तो दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याचा फोटो काढतो, तारा जागेवर आहे का बघतो आणि नसला तर माउंटला सांगतो, जरा इकडे घे. तारा किती हलला त्याची रेघ लॅपटॉपवर ग्राफमध्ये उमटत राहते. झालं, एवढंच ते.

देवगडहून एक आंबा बागायतदार लिहितात: बाई, ८० मिमीची दुर्बीण आहे, फोकल लेंग्थ ६००. वर ३० मिमीचा गाइडस्कोप, १२० फोकल लेंग्थचा, आणि लॅपटॉपवर पीएचडी-२ हे गायडिंगचं सॉफ्टवेअर. पहिल्या रात्री छान चाललं. मग गाइडस्कोपचा फोकस नीट वाटेना म्हणून कॅमेरा काढून परत बसवला. आता गायडिंग चालू केलं की ताऱ्यांच्या रेघा येतात आणि बंद केलं की ३० सेकंदांचा फोटो तरी बरा येतो. पैसे वाया गेले का?

नाही गेले. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, 'कॅमेरा काढून परत बसवला'. तिथेच सगळं झालं.

असं बघा, सॉफ्टवेअरला वर-खाली, पूर्व-पश्चिम काही कळत नाही. त्याला फक्त एक चौकोनी फोटो दिसतो आणि त्यात एक पांढरा ठिपका. कॅलिब्रेशन करताना ते माउंटला म्हणतं, पश्चिमेला थोडं सरक, आणि ठिपका फोटोत कुठल्या दिशेला किती गेला ते लिहून ठेवतं, मग पूर्वेला परत, मग उत्तर, मग दक्षिण. पुढे रात्रभर या टिपणावरच सगळा कारभार. तुम्ही कॅमेरा काढलात आणि बसवताना तो पाव फेरा वेगळा बसला, टिपण मात्र कालचंच. आता तारा एकीकडे सरकतो आणि दुरुस्ती भलतीकडे जाते, आणि कॅमेरा अर्धा फेरा फिरला असेल तर मग बघायलाच नको, तारा ज्या बाजूला सरकला त्याच बाजूला माउंट त्याला आणखी ढकलतं, ते बघून सॉफ्टवेअर आणखी जोरात ढकलायला सांगतं. ग्राफवरची रेघ आधी हळू आणि मग सुसाट एकाच बाजूला वर चढत गेली तर समजायचं, हेच.

तर उपाय सोपा आहे, नवीन कॅलिब्रेशन. पण ते कुठेही करू नका. ध्रुवाजवळच्या ताऱ्यावर केलंत तर आरए, म्हणजे माउंटचा पूर्व-पश्चिम अक्ष, फिरवूनही तारा फोटोत फारसा हलतच नाही, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) ६० अंश असेल तिथे तर बरोब्बर निम्माच हलतो, मग मोजमाप कच्चं राहतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा आणि मध्यमंडळाच्या आसपासचा, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेजवळ उंच आलेला तारा घ्या. आपल्याला हिवाळ्यात शोधायलाही जायला नको, मृगाच्या पोटातला बाण आहे ना, तीन ताऱ्यांचा, त्यातला एका टोकाचा मिंटाका जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. डिसेंबरअखेर साडेअकराच्या सुमारास आणि जानेवारीअखेर साडेनऊच्या सुमारास तो आपल्याकडे मध्यमंडळावर येतो. दुर्बीण बाणाकडे वळवा, पण मिंटाकावर नका लावू, तो एवढा चमकदार की कॅमेऱ्यात फुटेल, म्हणजे सॅच्युरेट होईल, आणि ठिपक्याच्या जागी पांढरी चकती आली की तिचा मध्य नीट काढता येत नाही. बाजूचा मध्यमसा तारा घ्या. कॅलिब्रेशन झाल्यावर चित्रात दोन रेघा काटकोनात आल्या पाहिजेत, अधिकच्या चिन्हासारख्या. फतकल मारून बसल्या असतील तर परत.

आणि एक विचारते, राग मानू नका. सेटिंगमध्ये फोकल लेंग्थ किती टाकलीय? ६०० टाकली असेल तर चूक, तिथे गाइडस्कोपची टाकायची, १२०. दहातले निदान चार जण इथे फसतात. सॉफ्टवेअर त्या आकड्यावरून ठरवतं की एका ढकलीला माउंट किती वेळ चालवायचं. ६०० दिलंत तर ढकल पाचपट लहान होते, मग साठ-साठ ढकली देऊनही तारा म्हणावा तेवढा सरकत नाही आणि शेवटी 'तारा पुरेसा हलला नाही' असा मेसेज येतो. बारा-पंधरा ढकलीत एक बाजू पूर्ण झाली की समजा बरोबर.

तुम्ही पुढे असंही विचारलंय की १२० मिमीचा एवढासा गाइडस्कोप ६०० मिमीला पुरेल का. हिशेब करू. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, त्याला २०६ ने गुणा, फोकल लेंग्थने भागा. तुमच्या गाइड कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉन असेल तर एका पिक्सेलमध्ये साडेसहा आर्कसेकंद मावतात, आणि मोठ्या कॅमेऱ्याचा ४.३ धरला तर तिकडे दीड. साडेसहाच्या फुटपट्टीने दीड कसं मोजणार, असंच वाटतं ना? पण तारा एका पिक्सेलवर बसत नाही, चार-पाच पिक्सेलवर सांडलेला असतो आणि सॉफ्टवेअर त्या सांडलेल्या उजेडाचा मध्य काढतं, तो पिक्सेलच्या दहाव्या हिश्शापर्यंत सहज निघतो. म्हणून पुरेल. गाइडस्कोपचा फोकस किंचित ढिला असला तरी बिघडत नाही, उलट बरंच. म्हणजे तुम्ही कॅमेरा काढला नसतात तरी चाललं असतं, पण ते आता सांगून काय उपयोग.

मालवणहून: आमच्या खळ्यातसून ध्रुव दिसना नाय. उत्तरेक शेजाऱ्याचे माड आसत. पोलर अलाइनमेंट करूचा कसा?

माड तोडायला सांगू नका, शेजार जाईल. पोलर अलाइनमेंट म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवबिंदूकडे रोखणं. आपल्या किनाऱ्यावर ही अडचण घराघरात आहे, ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढाच वर असतो, मालवणला १६ अंश, रत्नागिरीला १७, अलिबागला साडेअठरा. तेवढ्यात एखादा माड काय, गडग्यावरची रामफळाची फांदीसुद्धा आडवी येते. आणि दिसला तरी तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त लांब आहे हे लक्षात असू दे, नुसता मध्यभागी आणून भागत नाही.

तुम्हाला ड्रिफ्ट पद्धत. तिला ध्रुव लागतच नाही, आणि खरं सांगायचं तर ऑटोगायडर आल्यापासून ती फार सोपी झालीय, पूर्वी आम्ही आयपीसला डोळा लावून अर्धा-अर्धा तास बसायचो. पीएचडी-२ मध्ये ड्रिफ्ट अलाइनचं टूल आहे, ते डेकची, म्हणजे उत्तर-दक्षिण अक्षाची, दुरुस्ती आपोआप बंद करतं आणि तारा उत्तर-दक्षिण किती वाहतोय ते रेघेत दाखवतं. आधी दक्षिणेकडे मध्यमंडळाजवळ, विषुववृत्तावरचा तारा घ्या, रेघ तिरकी गेली तर माउंट डावी-उजवीकडे फिरवायचे जे दोन बोल्ट असतात ते हळूच फिरवा, रेघ आडवी होईपर्यंत. मग पूर्वेला नाहीतर पश्चिमेला जरा खालचा तारा घेऊन उंचीचा बोल्ट. पश्चिमेला तुम्हाला समुद्र मोकळा असेल तर तिकडचाच घ्या. मग परत एकदा पहिला. दोन फेऱ्यांत काम होतं, पहिल्या दिवशी दीड तास लागेल, दहाव्या दिवशी वीस मिनिटं.

किती अचूक हवं? एक आर्कमिनिट (साठ आर्कसेकंद) चूक असली तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव आर्कसेकंद वाहतो. पाच आर्कमिनिट चूक ठेवलीत तरी सव्वा, तेवढं गायडर आरामात सांभाळतो. त्यामुळे शून्याच्या मागे लागून अख्खी रात्र घालवू नका, मी घालवलीय.

गुहागरहून एक कॉलेजकुमार: बाई, माझं एचइक्यू-५ माउंट सेकंडहँड घेतलंय. आरएचा ग्राफ दर साडेदहा मिनिटांनी वर जाऊन खाली येतो, अगदी घड्याळ लावल्यासारखा. बिघडलेलं गळ्यात मारलं का मला?

नाही रे बाबा. घड्याळ लावलंस हेच छान केलंस. या माउंटच्या आरए चाकाला १३५ दात आहेत. पृथ्वीचा एक फेरा ८६,१६४ सेकंदांचा, त्याला १३५ ने भाग, ६३८ सेकंद येतात, म्हणजे १० मिनिटं ३८ सेकंद. एवढ्या वेळात तो मळसूत्री वर्म एकदा पूर्ण फिरतो आणि तो कारखान्यात घासताना जो काही बारीक उंचसखलपणा राहिला असेल तो दर फेऱ्याला दिसतो. याला पिरिऑडिक एरर म्हणतात, या प्रकारच्या प्रत्येक माउंटला तो असतो. १८० दातांचं असेल तर हाच खेळ आठ मिनिटांत. हळू चढणारी-उतरणारी चूक गायडरला सगळ्यात सोपी, दोन सेकंदांचं एक्स्पोजर ठेव आणि चालू दे.

पण तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये मला दुसरंच काहीतरी दिसलं. त्या मोठ्या लाटेवर बारीक करवतीचे दात आहेत आणि अॅग्रेसिव्हनेस (दिसलेल्या चुकीपैकी किती टक्के दुरुस्त करायची तो आकडा) तू १०० वर नेऊन ठेवलायस, एक्स्पोजर अर्धा सेकंद. म्हणजे हवेमुळे तारा जो लुकलुकतो त्या प्रत्येक लुकलुकीला तू माउंट हलवतोयस. तुझ्या आजूबाजूला होडीवाले असतीलच, एखाद्या तांडेलाला विचार, प्रत्येक लाटेला सुकाणू फिरवतो का म्हणून. एक्स्पोजर दोन-तीन सेकंद कर म्हणजे लुकलुक आपोआप सरासरीत जाते, अॅग्रेसिव्हनेस ६०-७० वर आण, आणि तिथे गाइडिंग असिस्टंट म्हणून टूल आहे ते पाच-दहा मिनिटं चालव, ते दुरुस्ती न करता नुसतं बघतं आणि किमान किती हलला तर लक्ष द्यायचं तो आकडा सुचवतं. आणि वजन तोलताना अगदी काट्यावर तोलू नकोस, पूर्वेची बाजू किंचित जड ठेव, म्हणजे दात एकमेकांना टेकून राहतात, मध्ये मोकळे लोंबत नाहीत.

अलिबागहून: दोन-तीन तास सगळं उत्तम आणि बारा-साडेबाराच्या सुमारास 'स्टार लॉस्ट'. रोज. आभाळ स्वच्छ असतं. सॉफ्टवेअर तीनदा नव्याने टाकलं.

सॉफ्टवेअरला का त्रास देताय. उठा, टॉर्च घ्या, गाइडस्कोपच्या पुढच्या काचेवर बघा. दव आहे.

आपल्याकडे मोठ्या दुर्बिणीच्या दवाची काळजी सगळे घेतात आणि त्या बिचाऱ्या गाइडस्कोपला कुणी विचारत नाही. काच उघड्या आभाळाकडे तोंड करून असते, स्वतःची उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि आपली हवा म्हणजे ओला टॉवेल. पुढच्या वेळी एसएनआरचा, म्हणजे तारा किती ठळक दिसतोय त्याचा, आकडा बघत बसा. तो पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू उतरत उतरत गेला आणि मग तारा हरवला तर दव. खाडकन गेला तर ढग, नाहीतर माडाची झावळ, नाहीतर केबल. आणि तारा चांगला ठळक असताना एकदम उडी मारून चौकटीबाहेर गेला तर कुणीतरी ट्रायपॉडला लाथ मारली, घरात विचारा कोण ते.

उपाय म्हणजे ड्यू हीटरची पट्टी, १२ व्होल्टवर चालते, गाइडस्कोपच्या पुढच्या टोकाला गुंडाळायची आणि संध्याकाळपासूनच मंद चालू ठेवायची, दव पडल्यावर नाही. सोबत जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून पुढे नळी करा. तेवढ्याने तासभर तरी जास्त मिळतो. एक मात्र कळकळीने सांगते, ओली काच रुमालाने पुसू नका, आपल्या दवात समुद्राचं मीठ असतं आणि कोटिंगवर त्याचे ओरखडे पडतात. हेअर ड्रायर लांबून, गार नाहीतर अगदी कोमट.

केबलचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या अमावस्येला आम्ही चौघं सड्यावर गेलो होतो, कातळ असा की ट्रायपॉड रोवल्यासारखा बसतो, आभाळ काळंभोर, आणि माझा ग्राफ म्हणजे नुसता काटेरी. डेकमध्ये दर थोड्या वेळाने टोक. मी सेटिंग बदलली, कॅलिब्रेशन तीनदा केलं, दातांमधल्या ढिलाईला, म्हणजे बॅकलॅशला, शिव्या घातल्या, ड्रायव्हर बदलला, तोवर अकरा वाजले. मग माझ्यासोबतची नववीतली मुलगी, जी इतका वेळ डब्यातले लाडू खात बसली होती, ती म्हणाली, बाई ती वायर हलतेय बघा. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटला होता आणि गाइड कॅमेऱ्याची यूएसबी केबल हातभर लोंबत होती, वाऱ्याने झुलायची आणि गाइडस्कोपला इवलासा हिसका द्यायची. हिसका गाइडस्कोपला, मोठ्या दुर्बिणीला नाही. म्हणजे मोठी दुर्बीण जागेवर होती आणि गायडर तिला उगाच हलवत होता! दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी केबल दुर्बिणीला आवळली, ग्राफ सरळ. तेव्हापासून ग्राफ बिघडला की आधी हात फिरवते, मग माउस. केबल, गाइडस्कोपच्या रिंगचे स्क्रू, कॅमेऱ्याचा नोजपीस, ट्रायपॉडचे पाय, या क्रमाने.

मुरुडहून: पुळणीवर दुर्बीण लावली तर चालते का? मुलांना किनाऱ्यावरच हौस असते.

बघायला चालते. गायडिंगला नाही, पाय रात्रभर रुतत राहतात आणि कुणी चार फुटांवरून चाललं तरी ग्राफवर कळतं. लावायचीच तर प्रत्येक पायाखाली एक जांभ्याचा चिरा पुरून घ्या, पाय लांब काढू नका आणि मुलांना लांब बसवा. घरी आल्यावर माउंटचे पोर्ट कोरड्या ब्रशने झाडा, खाऱ्या हवेने तिथल्या पिना हिरव्या पडतात आणि मग पुढच्या वर्षी मला पत्र येतं की कनेक्शन सारखं तुटतं.

राजापूरहून: एसटी-४ केबल लावू की यूएसबीवरूनच चालवू?

यूएसबीवरून चालत असेल तर तेच. एसटी-४ म्हणजे तो जुन्या लँडलाइनच्या जॅकसारखा दिसणारा पोर्ट, त्यातून फक्त 'इकडे ढकल, तिकडे ढकल' एवढंच जातं, दुर्बीण सध्या कुठे बघतेय ते सॉफ्टवेअरला कळत नाही. त्यामुळे दुसऱ्या भागात गेलात की, किंवा तारा मध्यमंडळ ओलांडल्यावर माउंट पलटी मारतं तेव्हा, परत कॅलिब्रेशन. यूएसबीवर आणि एस्कॉम ड्रायव्हरवर (माउंटशी बोलणारं सॉफ्टवेअर) हे त्याचं ते सांभाळतं.

चिपळूणहून: चंद्राच्या फोटोला ऑटोगायडर लागतो का?

नाही. चंद्राचं एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचं. वाचलेल्या पैशात हीटरची पट्टी घ्या.

वेंगुर्ल्याहून: पावसाळ्यात हे सगळं ठेवायचं कसं? मागच्या वर्षी गाइडस्कोपच्या काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखं आलं.

ती बुरशी. एकदा धरली की काचेचं कोटिंग खाते, हाताने खोलून पुसायला जाऊ नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परत कोरड्या करायच्या. चामड्याच्या किंवा स्पंजच्या मूळ केसमध्ये ठेवू नका, ओल तिथेच धरते. आणि महिन्यातून एकदा माउंटला वीज देऊन दोन्ही अक्ष फिरवा, नाहीतर ग्रीस एका जागी थिजतं.

विजयदुर्गहून एक शिक्षक: बाई, आमच्या किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत. १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथूनच हेलियम शोधला असं आम्ही मुलांना सांगतो. तेव्हा गायडिंग कसं करत असतील?

गुरुजी, आधी तारखा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होता. ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेनने गुंटूरहून निरीक्षण केलं आणि लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. विजयदुर्गला तो आला नक्की, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दोन्ही गोष्टी एकात मिसळून गेल्यात. मुलांना दोन्ही सांगा, नीट वेगळ्या करून, गोष्ट कमी रंगत नाही.

आता गायडिंग. ग्रहणाला ते फारसं लागत नाही, खग्रास स्थिती तिथे दोन मिनिटांच्या आसपासच होती आणि एकेक प्लेट काही सेकंदांची. दुर्बीण सूर्यामागे नेण्यापुरतं वजनावर चालणारं घड्याळयंत्र पुरायचं, खाली येणारं वजन आणि वेग धरून ठेवणारा गव्हर्नर, विहिरीच्या रहाटासारखंच म्हणा. खरे हाल ताऱ्यांच्या फोटोवाल्यांचे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलने ऑक्टोबर १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेची जी प्रसिद्ध प्लेट घेतली ती ४५ मिनिटांची होती, तेवढा वेळ गाइड तारा क्रॉसहेअरवर धरून ठेवायचा तो डोळ्याने आणि हाताने. तुमच्या मुलांना हे करून बघायचं असेल तर सोपं आहे, आयपीसमध्ये दोन बारीक तारा फुलीसारख्या चिकटवा, तारा फुलीवर आणा आणि पाच मिनिटं हातातल्या बटणांनी तिथेच धरून ठेवायला सांगा. तिसऱ्या मिनिटाला मान दुखते.

ओट्यावर ट्रायपॉड फार छान बसेल यात शंका नाही, पण किल्ला संरक्षित स्मारक आहे, रात्री मुलांना घेऊन जायचं तर आधी लेखी परवानगी काढा.